ओकलीत ग्रीक खायला जाताय? ईटन मॉलची पहिली फेरी, पायरीपायरीनं

मेलबर्नला नवीन आलेली आपली मराठी मंडळी, म्हणजे मोनॅश युनिव्हर्सिटीतली पोरंपोरी, नोकरीसाठी आलेले, नुकतं लग्न होऊन आलेल्या मुली, यातली बरीच जण क्लेटनच्या आसपास घर घेतात आणि दोन-तीन महिन्यात कधीतरी ओकलीला, म्हणजे ग्रीक लोकांची वस्ती असलेल्या जवळच्या उपनगराला, एक चक्कर मारून येतात. परत आल्यावर निम्मी तरी म्हणतात, काही नाही गं, आपला चिकन रोलच आहे, फक्त आत चिप्स घातलेत. मला हे ऐकून खरंच वाईट वाटतं, कारण ते चुकीचं सांगत नसतात, त्यांनी तेवढंच खाल्लेलं असतं. एका दुकानात रांग लावली, एक सुव्लाकी, म्हणजे रोटीत गुंडाळलेलं भाजलेलं मांस, घेतली, उभ्याउभ्या संपवली आणि ट्रेन पकडली. ग्रीक जेवण असं एका घासात कळत नाही, ते टेबलावर पसरून, वाटून, बोलत बोलत खायचं असतं, आणि ओकलीत तर ते एका दुकानात न बसता तीन-चार ठिकाणी थोडं थोडं खाल्लं तरच हाती लागतं. म्हणून हे सगळं लिहून काढतेय, पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी, आणि खास करून शाकाहारी लोकांसाठी, कारण त्यांना वाटतं की तिथे आपल्याला काय मिळणार, आणि प्रत्यक्षात त्यांची चंगळ असते, फक्त चार-पाच शब्द माहीत पाहिजेत.

पहिलं, पोचायचं कसं

क्लेटनहून ट्रेननं दोनच स्टेशनं, मधे हंटिंगडेल आणि मग ओकली. क्रॅनबर्न किंवा पाकेनहॅम लाइनची सिटीकडे जाणारी कुठलीही गाडी चालेल. कॅम्पसवरून थेट जायचं असेल तर ९०० नंबरची बस मोनॅशमधून ओकली स्टेशनला जाते. मायकी, म्हणजे ट्रेन-बसचं कार्ड, टच ऑन, टच ऑफ करायला विसरू नका, नवीन असताना सगळ्यात जास्त पैसे त्यातच जातात.

स्टेशनवरून पोर्टमन स्ट्रीटच्या बाजूला या, तिथून ईटन मॉल चालत काही मिनिटांवर आहे. इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्या, ईटन मॉल म्हणजे पुण्यातल्या फिनिक्ससारखा एसी मॉल नाही. तो एक छोटा रस्ता आहे, गाड्या बंद केलेला, दोन्ही बाजूला दुकानं आणि मधे खुर्च्या-टेबलं मांडलेली. जवळच ओकली सेंट्रल नावाचं खरं शॉपिंग सेंटर आहे, कोल्स-वूलवर्थ्सवालं, बरेच जण मॅपमध्ये बघून तिथे शिरतात आणि ग्रीक कुठेय ग्रीक कुठेय करत फिरतात. आणि चॅडस्टोनचा मोठा मॉल तर वेगळाच, तिकडे जाऊ नका.

कारनं येणार असाल तर आजूबाजूला पार्किंग आहेत, पण शुक्रवार-शनिवार संध्याकाळी जागा मिळायला खूप फिरावं लागतं, बोर्डावरची वेळमर्यादा वाचून मगच गाडी लावा. मी तरी ट्रेनच सांगेन.

दुसरं, कधी जायचं

ऑस्ट्रेलियन सबर्ब संध्याकाळी पाच-साडेपाचला शटर ओढून गपगार होतात हे तुम्हाला एव्हाना कळलंच असेल. ईटन मॉल त्याच्या बरोबर उलटा. संध्याकाळी सातनंतर तिथे खरी जाग येते, आजोबा लोक कॉफीचा एक कप घेऊन दोन-दोन तास बसलेले, शेजारी तरुण पोरं, लहान मुलं मधेच पळतायत, आणि रात्री उशिरापर्यंत हे चालू. मला पहिल्या वर्षी ज्या गोष्टीची सगळ्यात जास्त आठवण यायची ती म्हणजे रात्री जेवल्यावर बाहेर पडलं की रस्त्यावर माणसं दिसणं, आणि ती मला इथे परत मिळाली.

रविवारी सकाळीसुद्धा छान असतं. विल्सडेन रोडवर सेंट्स अनारगिरी नावाचं ग्रीक ऑर्थोडॉक्स चर्च आहे, तिथली प्रार्थना संपली की नीटनेटके कपडे घातलेली कुटुंबंच्या कुटुंबं कॉफी आणि गोडाला येतात. फक्त रविवारी आणि पब्लिक हॉलिडेला बऱ्याच ठिकाणी बिलावर सरचार्ज लागतो, साधारण १० ते १५ टक्के, मेनूच्या तळाशी बारीक अक्षरात लिहिलेलं असतं ते बघून घ्या. टिप द्यायची सक्ती नाही. आणि दारूचं लायसन असलेल्या हॉटेलात नळाचं पाणी फुकट द्यायलाच लागतं, त्यामुळे "टॅप वॉटर प्लीज" म्हणायला लाजू नका, नाहीतर बाटली येते.

जायच्या आधी त्या दिवशी दुकान उघडं आहे का हे फोनवर एकदा बघा, आठवड्यात एखादा दिवस बंद ठेवणारे असतात.

तिसरं, ही माणसं इथे आली कशी, हे थोडक्यात

हे वाचून गेलात तर खाणं जास्त कळेल म्हणून सांगते. दुसऱ्या महायुद्धानंतर आणि ग्रीसमधल्या यादवी युद्धानंतर गावंच्या गावं रिकामी व्हायला लागली होती, १९५२ मध्ये ऑस्ट्रेलिया आणि ग्रीस सरकारांमध्ये लोकांना भाड्यात मदत करून इकडे आणायचा करार झाला आणि पुढची वीसेक वर्षं बोटी भरभरून माणसं आली. १९५९ पासून 'पात्रिस' नावाची बोट यायला लागली, पात्रिस म्हणजे मायभूमी, मायभूमी सोडून नेणाऱ्या बोटीचं नाव मायभूमी, मला हे ऐकून काहीतरी आत हललं होतं. आधी ही मंडळी रिचमंड, प्रहरान अशा सिटीजवळच्या भागात कारखान्यांच्या आसपास दाटीवाटीनं राहिली, मग पैसे साठले तसे मोठी घरं, मागे बाग, लिंबाचं आणि ऑलिव्हचं झाड लावता येईल अशा जागी सरकत गेली, त्यातलं एक ओकली. म्हणून इथलं जेवण हे रेस्टॉरंटवाल्यांनी शोधून काढलेलं नाही, ते खेड्यातून आलेल्या लोकांच्या घरचं आहे. डाळी, पालेभाज्या, वांगी, दही, थोडं मांस तेही सणाला. ओळखीचं वाटतंय ना?

चौथं, सुव्लाकीपासून सुरुवात करा पण तिथेच संपवू नका

मांसाहारी असाल तर पहिला थांबा चेस्टर स्ट्रीटवरचं कालिमेरा सुव्लाकी आर्ट. कालिमेरा म्हणजे सुप्रभात. वीकेंडला रांग असते, ती सरकते पटापट. इथे पिता, म्हणजे ग्रीक रोटीचा रोल, ग्रीसमध्ये मिळतो तसा मिळतो, म्हणजे मऊ जाड रोटी, मांस, टोमॅटो, कांदा, त्झात्झिकी म्हणजे दही-काकडीचं डिप, आणि आतच चार-सहा चिप्स. त्या चिप्स म्हणजे पोट भरायची युक्ती नाही, ग्रीसमध्ये तसाच खातात.

आता शब्दांची एक गंमत समजून घ्या, नाहीतर काउंटरवर गोंधळ होतो. सुव्लाकी म्हणजे मुळात सळईवर भाजलेले मांसाचे तुकडे. यीरोस म्हणजे उभ्या सळईवर फिरणारा मोठा गठ्ठा, त्यावरून कापून दिलेलं मांस. मेलबर्नमध्ये मात्र पितामध्ये गुंडाळलेल्या कशालाही सुव्लाकी म्हणतात, लाडानं "सूव्हा". दुसरी गोष्ट, ग्रीसमध्ये यीरोस बहुतेक पोर्कचा किंवा चिकनचा असतो, लँबचा इथे ऑस्ट्रेलियात जास्त रुजला. तुम्ही पोर्क खात नसाल तर ऑर्डर देतानाच स्पष्ट विचारा. बीफ खात नसाल तर कीमा असलेल्या कुठल्याही पदार्थाबद्दल विचाराच, मुसाका, पास्तित्सियो, केफ्तेदेस म्हणजे ते छोटे तळलेले गोळे, यात बीफ असण्याची शक्यता भरपूर.

साधारण १५ ते २० डॉलरमध्ये एक पिता येतो आणि तो मोठा असतो. दोघांत एक घ्या. खरंच सांगते, दोघांत एकच घ्या, पुढे बरंच खायचंय.

पाचवं, टेबलावर बसा आणि मेझे मागवा

हा खरा भाग. ईटन मॉलवर व्हॅनिला नावाचं मोठं ठिकाण आहे, केक, कॉफी आणि जेवण सगळं एकाच छताखाली, पोर्टमन स्ट्रीटकडे निकोस आहे, आणि त्याशिवाय आजूबाजूला बाहेर टेबलं मांडलेली बरीच दुकानं. पहिल्या खेपेला कुठलं निवडायचं याचा फार विचार करू नका, जिथे म्हातारी ग्रीक माणसं बसलेली दिसतायत तिथे बसा.

मेझे म्हणजे छोट्या छोट्या बशा, सगळ्यांनी मिळून खायच्या. आपल्याकडे ताटात डावी-उजवी बाजू असते, इथे सगळी डावी बाजू टेबलाच्या मधोमध येते आणि ब्रेड तोडून प्रत्येकजण त्यात हात घालतो. चौघांसाठी दोन-तीन डिप, एक सॅलड, एक चीज, एक चिप्स आणि मांसाहारी असाल तर एखादा ग्रिलचा पदार्थ, एवढं मागवा. पोर्शन मोठे असतात, आधीच सहा-सात गोष्टी मागवून बसू नका, लागलं तर अजून सांगता येतं.

त्झात्झिकी तर येणारच. दही कापडात बांधून पाणी काढून टाकलेलं, म्हणजे सरळ आपला चक्का, त्यात काकडी, लसूण, ऑलिव्ह ऑइल. ज्याला सुपरमार्केटमध्ये ग्रीक योगर्ट म्हणून विकतात तो चक्काच की, मी श्रीखंड त्याचंच करते. लसूण कच्चा आणि भरपूर असतो, चातुर्मास पाळणाऱ्यांनी लक्षात ठेवा. स्कोर्दालियामध्ये तर बटाटा आणि लसूणच असतो, तो डिप एकदा तरी खा, तळलेल्या माशाबरोबर किंवा बीटबरोबर देतात.

मेलित्झानोसालाता हे नाव लांबलचक आहे पण समोर आलं की तुम्ही हसाल, ते वांग्याचं भरीत आहे. विस्तवावर भाजलेलं वांगं, लसूण, लिंबू, ऑलिव्ह ऑइल. फोडणी नाही, मिरची नाही, तरी धुराचा वास तोच.

फावा म्हणजे पिवळ्या वाटाण्याच्या डाळीचं घट्ट वरण, थंड किंवा कोमट, वरून कच्चा कांदा, केपर्स आणि तेल. वरण-भातावर वाढलेल्या माणसाला याच्यासारखं घर आठवून देणारं मेनूवर दुसरं काही नाही. यिगांदेस म्हणजे मोठे पांढरे वाल, टोमॅटोत ओव्हनमध्ये भाजलेले. होर्ता म्हणजे उकडलेली पालेभाजी, लिंबू आणि तेल घालून, बस. अनेकांना ती बेचव वाटते, मला ती फार आवडते, पण ती ब्रेडबरोबर आणि खारट चीजबरोबर खायची, एकटी नाही.

साग़ानाकी म्हणजे चीज तव्यावर खरपूस तळलेलं, साग़ानाकी हे खरं तर त्या छोट्या दोन कानांच्या तव्याचं नाव. आल्या आल्या लिंबू पिळा आणि लगेच खा, पाच मिनिटं फोटो काढत बसलात तर ते रबरासारखं होतं. होरियातिकी म्हणजे गावाकडचं सॅलड, टोमॅटो, काकडी, कांदा, ऑलिव्ह आणि वर फेटाची अख्खी वडी. यात पानं नसतात, लेट्यूस घातलेलं सॅलड समोर आलं तर समजा की ते इथल्या चवीप्रमाणे बदललेलं आहे. खाली जमलेला तेल-टोमॅटोचा रस ब्रेडनं पुसून खायचा, त्याला वाईट समजत नाहीत, उलट खूश होतात.

शाकाहारी लोकांनो, हे नीट वाचा

माझी आई माळकरी. अंडंसुद्धा चालत नाही. ती दोन वर्षांपूर्वी तीन महिने इकडे आली होती, तेव्हा मी तिला एका संध्याकाळी ईटन मॉलला घेऊन गेले. ज्या ठिकाणी बसलो तिथे मी विचारलं की डिप सगळे व्हेज आहेत ना, मुलगा म्हणाला हो हो, सगळे. तीन वाट्या आल्या, त्यात एक सुंदर फिकट गुलाबी, मला वाटलं बीट. आईनं ब्रेड बुडवला आणि घास तोंडाशी नेला, तेवढ्यात शेजारच्या टेबलावरची काळे कपडे घातलेली आजी अक्षरशः उठून आली आणि आईच्या मनगटाला धरून म्हणाली, "नो, नो, प्सारी." आईच्या गळ्यातली तुळशीची माळ तिनं आधीपासून बघितली असावी, आम्ही ऑर्डर देताना बोललो तेही ऐकलं असावं. प्सारी म्हणजे मासा. ती गुलाबी वाटी तारामोसालाता होती, माशाच्या अंड्यांची. आईनं घास खाली ठेवला आणि त्या बाईचे दोन्ही हात हातात घेतले. मग ती आजी आमच्याच टेबलावर बसली, आई मराठीत बोलत होती, ती ग्रीकमध्ये, आणि तिनं वेट्रेसला बोलावून आईसाठी काय आणायचं ते स्वतः सांगितलं.

तर गुलाबी डिप, तारामोसालाता, हा पहिला धडा. आता बाकीचे, जे मला त्या आजीनं आणि नंतर हळूहळू इतरांनी शिकवले.

दोल्मादेस म्हणजे द्राक्षाच्या पानात गुंडाळलेला भात. दोन प्रकार असतात, एकात कीमा असतो, दुसऱ्यात नुसता भात, बडीशेपेसारख्या वासाची शेपू, लिंबू. बिनमांसाच्या प्रकाराला यालांजी म्हणतात, तुर्की शब्द, अर्थ खोटारडा, कारण मांस असल्याचं सोंग करतो. तुम्ही यालांजी म्हणालात की समोरच्याचा चेहरा खुलतो. येमिस्ता म्हणजे भरलेले टोमॅटो आणि ढोबळी मिरच्या, तेही दोन्ही प्रकारचे, मांस नसलेल्यांना ओर्फाना म्हणतात, अनाथ. विचारून घ्या.

स्पानाकोपिता म्हणजे पालक आणि फेटा (खारट पांढरं चीज) घातलेला पातळ पापुद्र्यांचा, पॅटिससारखा भाजलेला पदार्थ, तिरोपितामध्ये नुसतं चीज. दोन्हीत सारण बांधायला अंडं घालतात बऱ्याचदा. अंडं न खाणाऱ्यांनी विचारल्याशिवाय घेऊ नका. फेटा बनवताना परंपरेनं जनावराच्या पोटातून काढलेलं रेनेट, म्हणजे दूध गोठवणारा पदार्थ, वापरतात, ज्यांना ते चालत नाही त्यांनी हेही मनात ठेवा. आई ते खात नाही, म्हणून तिच्यासाठी फावा, यिगांदेस, भरीत, होर्ता आणि ब्रेड, आणि ती पोटभर जेवली.

आणि सगळ्यात महत्त्वाचा शब्द, निस्तीसिमो. म्हणजे उपासाचं. ऑर्थोडॉक्स लोकांचे उपास कडक असतात, ईस्टरच्या आधीचे जवळजवळ सात आठवडे, शिवाय वर्षभर बुधवार-शुक्रवार पाळणारे असतात, आणि उपासाला मांस, दूध, दही, चीज, अंडी काही चालत नाही. त्यामुळे साधारण फेब्रुवारी-मार्चपासून एप्रिलपर्यंत, कधी मेच्या सुरुवातीपर्यंत, बेकऱ्यांमध्ये निस्तीसिमो लिहिलेल्या गोष्टी पुष्कळ दिसतात आणि अंडं-दूध टाळणाऱ्यांसाठी तो काळ म्हणजे पर्वणी. पण एक अट आहे, त्यांच्या उपासाला कोळंबी, ऑक्टोपस, शिंपले चालतात, ती तारामोसालाताही चालते. म्हणजे निस्तीसिमो म्हणजे शाकाहारी नव्हे. दोन्ही विचारा, निस्तीसिमो आहे का, आणि यात समुद्रातलं काही आहे का. आपल्याकडे उपासाला साबुदाणा चालतो पण पोळी चालत नाही हे समजावताना मला जसं होतं तसंच त्यांना हे समजावताना होतं, उपासाचे नियम बाहेरच्याला कुठेच पटकन कळत नाहीत.

या दिवसात हाल्वास मिळाला तर नक्की घ्या. दोन प्रकार असतात, एक तिळाच्या लगद्याचा कोरडा, आणि दुसरा रव्याचा, तो शिराच आहे. प्रमाण त्यांच्या प्रत्येक आजीला पाठ असतं, एक-दोन-तीन-चार, एक वाटी तेल, दोन रवा, तीन साखर, चार पाणी. रवा ऑलिव्ह ऑइलमध्ये तांबूस भाजायचा, दालचिनी-लवंगेचा पाक ओतायचा, साच्यात घालून मूद पाडायची. आईनं हे ऐकल्यावर पहिला प्रश्न विचारला, वेलची नाही?

सहावं, गोड, आणि इथे घाई नको

जेवण एका ठिकाणी झालं की उठा आणि गोड दुसरीकडे खा. काचेच्या कपाटासमोर पाच मिनिटं नुसतं उभं राहून बघा, विचारा, इथे विचारलं तर कोणी वैतागत नाही.

गालाक्तोबुरेको माझं सगळ्यात आवडतं. खाली-वर फिलो म्हणजे कागदासारख्या पातळ पिठाचे पापुद्रे, मधे रव्याचं दाट दुधाळ कस्टर्ड आणि सगळं पाकात भिजलेलं. अंडं असतं. बुगात्सा त्याची कोरडी बहीण, पाक नाही, वर पिठीसाखर आणि दालचिनी, ती गरम असतानाच खायची, सकाळी कॉफीबरोबर. बकलावा तुम्हाला माहीत असेल, इथे त्यात अक्रोड जास्त. कुराबियेदेस म्हणजे पिठीसाखरेत घोळलेली बदामाची नानकटाई, खाताना श्वास आत घेऊ नका, ठसका लागतो. लुकुमादेस म्हणजे गरमागरम तळलेले पिठाचे गोळे, मध, दालचिनी, अक्रोड. आजकाल त्यावर न्यूटेला ओतून देतात आणि पोरांना तेच आवडतं, पण पहिल्यांदा मधाचेच घ्या, मी आग्रहानं सांगते.

ख्रिसमसला मेलोमाकारोना, नव्या वर्षाला वासिलोपिता, तिच्यात नाणं लपवलेलं असतं आणि ज्याच्या तुकड्यात येईल त्याचं वर्ष चांगलं. ईस्टरला त्सुरेकी, वेणी घातलेला गोड पाव, त्यात महलेपी नावाचा चेरीच्या बियांचा मसाला असतो, तो वास दुकानाबाहेरूनच येतो. त्यांचा ईस्टर आणि बाकीच्यांचा ईस्टर बहुतेक वर्षी वेगळ्या तारखेला असतो, २०२५ मध्ये दोन्ही २० एप्रिलला आले होते, पण २०२७ मध्ये त्यांचा २ मेला आहे, म्हणून कॅलेंडर बघून जा. ईस्टरच्या आदल्या मध्यरात्री चर्चबाहेर मेणबत्त्या घेऊन उभी असलेली गर्दी एकदा बघाच.

सातवं, कॉफी

ग्रीक कॉफी छोट्या दांड्याच्या भांड्यात उकळून करतात, साखर आधीच घालतात, त्यामुळे ऑर्डर देतानाच सांगावं लागतं. स्केतो म्हणजे बिनसाखरेची, मेत्रियो म्हणजे मध्यम, ग्लिको म्हणजे गोड. तळाला गाळ राहतो, तो प्यायचा नाही, ढवळायचाही नाही. उन्हाळ्यात फ्रापे घ्या, इन्स्टंट कॉफी, पाणी आणि बर्फ हलवून फेस काढलेली, ही १९५७ मध्ये थेस्सालोनिकीच्या प्रदर्शनात जन्माला आली म्हणतात, आणि थेस्सालोनिकी हे मेलबर्नचं सिस्टर सिटी आहे. तरुण लोक आता फ्रेदो एस्प्रेसो, म्हणजे बर्फातली थंड एस्प्रेसो, पितात, तीही चांगली असते. एक कप घेऊन दोन तास बसलात तरी चालतं, तीच इथली रीत आहे.

चार शब्द बोलून बघा

"यिआ सास" म्हणजे नमस्कार, मोठ्यांना आणि अनोळखी माणसांना. "यिआ सू" हे बरोबरीच्यांना. म्हणजे आपलं तुम्ही आणि तू, अगदी तसंच, आजी-आजोबांना यिआ सू म्हणू नका. एफ्खारिस्तो म्हणजे थँक्यू. यियायिया म्हणजे आजी, पाप्पूस म्हणजे आजोबा. आणि सगळ्यात फसवणारा शब्द, "ने". ने म्हणजे हो! आपल्या कानाला तो नाहीसारखा लागतो. त्या संध्याकाळी आजी आईकडे बघून ने, ने करत होती आणि आईला वाटत होतं की ती नको म्हणतेय, म्हणून आई बशी मागे सरकवायची, की आजी परत पुढे. नाहीसाठी "ओखी", किंवा नुसती मान वर उचलून जिभेनं च्यक् असा आवाज, तो मात्र आपल्याला लगेच कळतो. आणि हो, आपलं केंद्र हा शब्द मूळचा ग्रीकच, ते आजही केंत्रो म्हणतात.

शेवटचं, घरी काय न्यायचं

परतताना एखाद्या डेलीत शिरा. काड्यांसकट बांधलेल्या वाळलेल्या ओरेगानोच्या जुड्या मिळतात, पिझ्झाच्या पुडीतल्या ओरेगानोशी त्याची तुलनाच नाही, मी बटाट्याच्या काचऱ्यांवर चुरडून घालते. कालामाता ऑलिव्ह सुटे घ्या, आधी एक चाखायला मागा, देतात. डोंगरी चहाच्या जुड्या असतात, सर्दीला छान. आंबट चेरीचं सरबत मिळतं, विसिनादा, पाण्यात घालून प्यायचं, कोकम सरबत पिणाऱ्याला ते लगेच आवडेल. कॉफीसाठी पोपटाचं चित्र असलेली लुमिदिस घ्या.

आणि फेटा. डब्यावर ग्रीस लिहिलेलं आहे का बघा, कारण युरोपात २००२ पासून फेटा हे नाव फक्त ग्रीसमधल्या, निदान ७० टक्के मेंढीच्या दुधाच्या चीजलाच लावता येतं, उरलेलं बकरीचं. ऑस्ट्रेलियात गाईच्या दुधाचंही फेटा म्हणून विकतात, वाईट नसतं ते, पण चव वेगळी, खारट आणि सपाट. काउंटरवर वजनावर मागा आणि सोबत थोडं मिठाचं पाणी घालून द्यायला सांगा. घरी आल्यावर ते पाणी ओतून देऊ नका, फेटा त्यातच बुडवून फ्रिजमध्ये ठेवा, नाहीतर दोन दिवसात वरून पिवळा पडून कडक होतो. खूप खारट वाटला तर खायच्या आधी वडी अर्धा तास साध्या पाण्यात ठेवायची, मग पुसून, वर तेल आणि त्या जुडीतला ओरेगानो.